वेचलेले आणि उरलेले

५ मार्च

आणि वर लेकीच्या तोंडून मला निरोप, "तिला सांग, माझे मासे माझ्या वाटणीचे आहेत, तिने त्यात नाक खुपसू नये." वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा. वाटणी झाली तेव्हा हौदात जाळी कोणी घातली होती? मी. एकेक मासा उजेडात धरून वेचला कोणी? मी. तुम्ही कठड्यावर बसून सिगारेट ओढत होतात. माझे वेचून झाल्यावर जो गाळ उरला तो तुम्ही बादलीत ओतलात आणि चालू लागलात. बादलीवर झाकणसुद्धा नव्हतं. अर्धी भांडी नेलीत, मी बोलले नाही. कढईचं झाकण तुमच्याकडे गेलं आणि कढई माझ्याकडे राहिली, त्यावर मी इतकी वर्षं ताटली ठेवतेय. तुमच्याकडे चमचासुद्धा मागितला नाही. आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर मलाच वाटणी शिकवता?

वर 'अहो' लिहायचं राहिलं. अहो. झालं. नावाने लिहायला हात धजत नाही. ती सवय आहे, मान वगैरे समजू नका.

आता कामाचं. नीट वाचा. खिडकीबाहेर बघत वाचू नका.

काजळी संपत आलीय. आपण लग्नानंतर पहिल्या वर्षी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून धरली होती तीच. करंगळीएवढा मासा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ. तेव्हा ओढ्यात पाय टाकला की पोटऱ्यांना गुदगुल्या व्हायच्या. आता तिथे एक नाही. खालच्या धरणात कोणीतरी मोठे खादाड मासे सोडले, ते ओढ्यात चढले, आणि संपलं. मत्स्य केंद्रातली एक डॉक्टरीण दोन वर्षं त्या ओढ्याचा दगड न् दगड उलटा करून बघतेय. तिला जे मिळालं ते फक्त माझ्या हौदात. दुसरीकडे कुठे काजळी आहे का, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे, एका माणसाकडे होती, तो आता कुठे आहे ते त्यालाही माहीत नसेल.

माझ्या हौदातलं सांगते. तीन हंगाम झाले, अंडी पांढरी पडतात. जी पडत नाहीत त्यातून पिल्लं वाकडी निघतात, पाठीला कुबड, गोल गोल फिरतात आणि मरतात. मी पाणी बदललं, दगड बदलले, हवेचा पंप नवा घेतला, खाणं बदललं. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरीण म्हणते, काकू, पाण्यात खोट नाही, रक्तात आहे. सगळे एकमेकांचे सख्खे झालेत. बाहेरचं रक्त पाहिजे. बाहेरचं म्हणजे जगात आता फक्त तुमच्या टाकीतलं.

सोबत वीस नळ्या पाठवल्यात, लेक पोचवेल. आत स्पिरिट आहे, पिऊ नका. वीस माशांच्या शेपटीचा टोकाचा तुकडा हवा, तांदळाच्या दाण्याच्या अर्धा. शेपटी पुन्हा येते, नखासारखी. हात ओला करून मासा धरायचा, कोरड्या हाताने धरलात तर त्याची साल निघते. एका नळीत एकाच माशाचा तुकडा. कात्री दर वेळी पुसायची. डॉक्टरणीला बघायचंय की तुमची काजळी खरी आहे की तुम्ही दुकानाच्या नादात त्यात ते लाल शेपटीचे बाजारू मासे मिसळून ठेवलेत. मला तर खात्री आहे मिसळले असणार.

महिनाअखेर नळ्या इथे पाहिजेत. पाणी तापायला लागलंय. काजळी या तीन महिन्यांतच अंडी घालते, हे तरी विसरला नसाल.

लेकीची आई


२७ मार्च

अहो,

पार्सल मिळालं. वीस मागितल्या, सात आल्या. वीस म्हणजे किती ते विसरलात का? आणि सातातल्या एका नळीचं झाकण सैल, स्पिरिट सांडून चिठ्ठीवरची शाई पसरलेली. साधं झाकण लावायचं काम! आयुष्यभर तुमच्या मागे झाकणं लावत फिरले मी. बाटलीची, डब्यांची, हौदाची. आळशी तो आळशीच.

आणि नळ्यांवर नंबर टाका म्हणून छापील कागद जोडला होता की नाही? त्यावर तुम्ही लिहिलंत काय, तर 'मोठी', 'भांडखोर', 'दगडामागची', 'नुसती खाते ती', आणि एकीवर 'ही तुझ्यासारखी'. डॉक्टरीण शहाणी मुलगी आहे, हसली नाही. चष्मा वर केला आणि मला विचारलं, "काकू, याचा नंबर काय लिहू?" मी म्हटलं, सहा लिही.

दगडामागची कोणती आणि नुसती खाते ती कोणती हे तुम्हाला कळतं, म्हणजे तुम्ही दिवसभर टाकीसमोर बसून असता. दुकान कोण बघतं मग?

आणि हो, पार्सलवरचा पत्ता दुकानाचा नाही. तिसरा मजला, खोली अमुक. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, ते तू बाबांनाच विचार." ती अशी दोन शब्दांत बोलायला लागली की ताकास तूर लागू देत नाही, अगदी तुमच्यावर गेलीय. म्हणून विचारते. दुकान कुठे गेलं?

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मला काय करायचंय.

तुकड्यांचं आता काय करतात ते तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते, मला डॉक्टरणीने तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. प्रत्येक माशाच्या अंगात दोन पदरी दोर असतो म्हणे. एक पदर आईचा, एक बापाचा. एखाद्या जागी आईचा पदर कुजका असला तरी बापाचा त्याच जागी धड असतो, दोर तुटत नाही. पण आई आणि बाप एकाच घरातले, एकाच दोराचे निघाले, तर दोन्ही पदर एकाच जागी कुजके. मग तुटतो. म्हणजे पांढरं अंडं. म्हणजे कुबड. त्या तुकड्यांतून कुठे काय कुजलंय ते वाचतात. मी विचारलं, "तांदळाच्या अर्ध्या दाण्यात एवढं मावतं?" तर म्हणाली, "काकू, त्याच्या हजाराव्या भागातही मावतं." मावत असेल. मला पोस्टकार्डावर चार ओळी मावत नाहीत.

निकाल यायला दोन-तीन आठवडे. तोवर तुमच्या टाकीत नवीन काही टाकू नका आणि कोणाला काही देऊ नका.

लेकीची आई


१९ एप्रिल

निकाल आला.

चार दिवस झाले येऊन. मी लिहिलं नाही कारण मी डॉक्टरणीशी बोलत नव्हते, आणि एकदा तोंड बंद केलं की माझा हातही बंद होतो.

तिने संगणकावर रंगीत पट्टे दाखवले. एकेक पट्टा म्हणजे एकेक मासा. माझ्या चाळीस माशांचे चाळीस पट्टे, आणि सगळे एकाच रंगाचे, जणू एकच मासा चाळीसदा मोजलाय. मग तुमचे सात. गोधडी! निळा, पिवळा, तपकिरी, कशाला कशाचा मेळ नाही. मी म्हटलं, बघ, मी सांगत होते ना, मिसळलेत यांनी बाजारू मासे. ती म्हणाली, "नाही काकू. बाहेरचं काहीही नाही. सातही शुद्ध काजळी आहेत. मी इतकी चांगली काजळी पाहिलेलीच नाही."

म्हणजे दुसरे मासे आणून टाकायचासुद्धा तुम्हाला कंटाळा आला. बारा वर्षं!

मग तिने विचारलं, "काकू, तुम्ही पिल्लांचं काय करता?" मी सगळं सांगितलं, त्यात लपवायचं काय? पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की पांढऱ्या ताटलीत घेते. ज्यांची रेघ काळीभोर आणि सरळ ती ठेवते. फिकी, तुटक, ठिपक्याची, सगळी बदकांना. दर हंगामाला बारा-पंधरा ठेवते, पण ती अशी की बघणाऱ्याने बघत राहावं. ते ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"काकू, त्या बारा-पंधरा बहुतेक एकाच जोडीच्या असणार."

मी म्हटलं, "असेनात. उत्तम जोडीच्या आहेत."

"उत्तम रेघेच्या आहेत. रेघेशिवायचं बाकी सगळं तुम्ही दरवर्षी फेकत गेलात. अंगात रोग झेलायची ताकद होती ती, थंडी सोसायची ती, अंडं धरायची ती. ते वरून दिसत नाही."

मी म्हटलं, "पोरी, तुझं वय आहे तेवढी वर्षं मी तळ्यात सोडायची बोटुकली, माशांची पिल्लं, विकतेय. तळेवाले लांबून माझ्याकडे येतात ते काय उगाच? निवडल्याशिवाय बीज सुधारत नाही." ती म्हणाली, विकायच्या माशांचं बरोबर आहे, ते वाढवून खायचे असतात. काजळी सुधारायची नव्हती, टिकवायची होती. मग मी ताटली आपटली. मग ती म्हणाली, "तुम्ही ठेवलेत म्हणून तर आज तपासायला काहीतरी आहे." मला तिचा गोडवा नको होता. मी तिला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही.

पण चार दिवस हौदावर बसून बघितलं. खरंच सगळ्या सारख्या दिसतात. एकीला दुसरीपासून ओळखता येईना. तुम्हाला 'भांडखोर' ओळखता येते. मला माझ्यातली एक सांगता आली नाही.

तर आता असं आहे. मी वेचलेले गेले वाया, आणि तुम्ही बादलीत ओतून नेलेला गाळ म्हणजे सोनं. वाचून हसत असाल तर हसून घ्या. मग पुढचं वाचा.

डॉक्टरीण म्हणते, तुमचे आणि माझे एकत्र आणले तर माझेही वाचतील. तुमच्याकडच्यांत काही वेगळं कुजलंय, माझ्याकडच्यांत वेगळं. एकाचं जे बिघडलंय ते दुसऱ्याकडे धड आहे, पिल्लांत एकमेकांचं झाकलं जातं. हे सांगताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, माशांचं बोल."

ओढ्याच्या वरच्या अंगाला, उंच कातळाच्या पलीकडे, एक डोह आहे. खालचे खादाड मासे तो कातळ चढू शकत नाहीत. दोन पिढ्या हौदात नीट वाढल्या तर तिथे सोडायच्या. पुन्हा ओढ्यात, कळलं का? आपल्या हयातीत.

म्हणून २६ तारखेला केंद्राची गाडी तुमच्याकडे येईल. ड्रायव्हरकडे डबे, हवेच्या पिशव्या सगळं असेल. सगळे मासे द्यायचे. अर्धे नकोत, चार ठेवतो म्हणू नका, सगळे. जोड्या लावायला एकेक लागणार आहे. घासाघीस करू नका, मी यात ऐकणार नाही.

लेकीची आई


२३ एप्रिल

आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका, डब्यात घाण करतात. टाकीतलंच थोडं पाणी द्या, ड्रायव्हरला माहीत आहे. ड्रायव्हर बोलका आहे, डोकं खातो, पण हात हलका आहे. दाराशी उभा करून ठेवू नका त्याला, बसायला सांगा.

दुकानाचं अजून लिहिलं नाहीत.


३० एप्रिल

अहो,

गाडी परत आली. डबे रिकामे.

मी फाटकातच ड्रायव्हरला धरला. म्हटलं, "नाही म्हणाले ना? मला माहीतच होतं." तो म्हणाला, "नाही ताई, हो म्हणाले." मी म्हटलं, मग मासे कुठे आहेत? तर ज्याच्या तोंडाची टकळी कधी थांबत नाही तो माणूस टोपी हातात घेऊन उभा. त्याला कट्ट्यावर बसवला, पाणी दिलं, म्हटलं, आता पहिल्यापासून सांग, एक शब्द गाळलास तर बघ.

तिसरा मजला. जिना अरुंद, कठडा मोडका. एक खोली. खाट आणि खाटेला लागून स्टुलावर टाकी, पडल्या पडल्या दिसेल अशी. डावा हात मांडीवर ठेवलेला, "ताई, दुसऱ्या कोणाचा हात जपायला दिलाय, तसा." डावा पाय ओढत चालता. जिना उतरून किती महिने झाले ते तुम्हालाच आठवेना. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हाच दुकान गेलं. खालची म्हातारी डबा आणून ठेवते. हे सगळं ड्रायव्हर सांगतोय. परका माणूस, ज्याला मी तुमच्याबद्दल 'आळशी आहेत, घाई करावी लागेल' असं सांगून पाठवलं होतं.

मग म्हणाला, "मी डबे मांडले. साहेब म्हणाले, सगळे घेऊन जा, तिला कमी पडता कामा नये. आणि टाकीचा दिवा बंद केला, भिंतीकडे तोंड करून पडले. मी चार मासे डब्यात घेतले, ताई. खोलीत दुसरा आवाज नाही, नुसता पंप बुडबुडतोय. मग मला नाही जमलं. मी परत सोडले. जाताना दिवा मीच लावला. आता डॉक्टरणीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

आधी मी त्याला झाडला. एवढा लांब गेलास, पेट्रोल जाळलंस, हंगाम चाललाय. मग लेकीला फोन करून तिला झाडलं. ती रडायला लागली, म्हणाली, "बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिला कळलं तर कीव करेल." कीव! माझी कीव कधी पाहिलीत तुम्ही? त्या पोरीला दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलायला लावलंत, तिचं काय?

मग आत येऊन बसले आणि मला त्या सात नळ्या आठवल्या. ओला हात करून मासा धरायचा आणि दुसऱ्या हाताने कात्री. दुसऱ्या कोणत्या हाताने? झाकण काय दाताने लावलंत? मी त्या पत्रात काय लिहिलं होतं ते मला पुन्हा लिहायला लावू नका.

तुम्ही म्हणाल, तुला कशाला कळवायचं, तूच माझी पिशवी दाराबाहेर ठेवली होतीस. ठेवली होती. उचलली कोणी? मी आत बसून वाट बघत होते की या माणसाला नेहमीप्रमाणे कंटाळा येईल, पिशवी तिथेच राहील आणि रात्री हा जेवायला येईल. आयुष्यात एक काम वेळेवर केलं नाहीत. ते नेमकं केलंत.

आता काय करायचं मला कळत नाही. डॉक्टरणीला मी सांगितलं की गाडीचा पंप बिघडला होता. मी खोटं बोलते तेव्हा मोठ्याने बोलते, तिला समजलंच असणार. ती म्हणाली, "काकू, मे संपेपर्यंतच वेळ आहे. तुमच्या माद्या म्हाताऱ्या झाल्यात, पुढच्या वर्षी अंडी धरतीलच असं नाही."

औषधं वेळेवर घेता का? हे लेकीला सांगू नका, मला सांगा.


८ मे

अहो,

तुमचं पत्र मिळालं. औषधांबद्दल एक ओळ, आणि उरलेलं पानभर 'भांडखोर'च्या पोटात अंडी दिसतायत आणि तिला आता हलवलं पाहिजे, लवकर गाडी पाठव, ड्रायव्हर बदलून पाठव. ड्रायव्हर बदलणार नाही. माणूस चांगला आहे.

आता मी सांगते ते शांतपणे ऐका. मी पण शांतपणे लिहितेय, तिसरा कागद आहे, दोन फाडले.

डॉक्टरणीने नव्या जोड्यांचे नियम सांगितले. नर-मादी आपण निवडायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल ती जोडी लावायची. पिल्लं झाली की एकही काढायचं नाही. फिकं असो, ठिपक्याचं असो, बुटकं असो, सगळ्यांना सारखं खाणं, सारखं पाणी. प्रत्येक जोडीची सारखी पिल्लं पुढे न्यायची. मी म्हटलं, एवढंच ना? हे काय अवघड आहे.

तिने माझ्या जुन्या माशांची यंदा कशीबशी जगलेली थोडी पिल्लं माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ही नुसती सांभाळा, सवय म्हणून. परवा येऊन मोजली तर कमी. मला विचारते, कुठे गेली? मी म्हटलं, मी हातही लावला नाही. आणि खरं सांगते, मला वाटत होतं मी लावला नाही. मग बघितलं तर बदकं हौदाच्या कडेला रांगेने उभी. माझी ताटलीही तिथेच. हात गेला. मी दुसरंच काहीतरी बोलत होते, खाणं घालत होते, आणि हात गेला, फिकं दिसलं की उचललं. इतक्या वर्षांचा हात आहे, तो मला विचारत नाही. डॉक्टरणीचा चेहरा पडला. तुमचे मासे माझ्या हौदात आले तर मी दोन वर्षांत त्यांचंही माझ्यासारखंच करून ठेवीन, हे तिला कळलं. मलाही कळलं.

केंद्रात दुसरा माणूस नाही. तिच्याकडे दोनच पोरं आहेत आणि ती दोन्ही माझ्याहून हुशार, दर आठवड्याला काहीतरी सुधारायला बघतात. मला असा माणूस पाहिजे की जो हौदाशी दिवसभर बसेल, एकेक मासा ओळखेल आणि काहीही करणार नाही. काहीही न करण्यात तुमच्याहून पोचलेला माणूस माझ्या बघण्यात नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. लिहिताना तसं वाटतंय खरं, पण नाही.

हौदाशेजारची खाण्याच्या पोत्यांची खोली मी रिकामी केली. पायरी नाही, जमिनीला सपाट आहे. खिडकी थेट हौदावर उघडते. तिथे खाट टाकलीय. तुमची टाकी खाटेशी ठेवायला स्टूल केलंय, सुताराने एक पाय आखूड केला होता, त्याला परत करायला लावला. न्हाणीला आधाराचा दांडा बसवून घेतला.

नवरा म्हणून बोलावत नाहीये, गैरसमज नको. लोक विचारतील, त्यांना मी बघून घेईन. कामाला बोलावतेय. चिठ्ठ्या तुम्ही काढायच्या. पिल्लं तुम्ही मोजायची. आणि माझा हात हौदाकडे गेला की धरायचा. उजवा चालतो ना, तेवढा पुरे. जेवण मिळेल. टोमणेही मिळतील, ते काही माझ्याने बंद होणार नाहीत, पण झटक्याबद्दल कधी बोलणार नाही आणि कीव करणार नाही, हे कागदावर लिहून देतेय. सिगारेट चालणार नाही. जिना उतरायला ड्रायव्हर आणि त्याचा भाऊ येतील, खुर्चीत बसवून उतरवतील, लाजायचं नाही.

आणि नाही म्हणायचं असेल तर तेही स्वच्छ म्हणा. डॉक्टरणीशी भांडून मी कबूल करून घेतलंय की तुम्ही आला नाहीत तर अर्धे मासे तुमच्या टाकीतच राहतील. आधी मी सगळे मागितले होते, ते मागे घेते. ती म्हणाली, अर्ध्यांत जोड्या कमी पडतील, सगळं लांबेल, कदाचित होणारही नाही. मी म्हटलं, लांबू दे. त्या टाकीतला दिवा बंद होता कामा नये. मग तीच म्हणाली, बरोबर आहे काकू, दोन जागी असलेले बरेच. आता तिला पटलं की माझ्या आवाजाला घाबरली, देव जाणे.

म्हणजे तुम्ही 'नाही' म्हणालात तरी माझ्याकडून बोलणी खावी लागणार नाहीत. पण येणार असाल तर सगळे मासे एकत्र येतील, तुम्ही त्यांच्याबरोबर गाडीत, डबा मांडीवर धरून. आणि याच महिन्यात पहिल्या जोड्या लागतील. काजळी वाचेल की नाही ते मला सांगता येत नाही, डॉक्टरणीलाही येत नाही. पण वाचायचीच असेल तर अशी.

गाडी १७ तारखेला निघणार आहे, त्याच्या आधी केंद्राला कळवावं लागतं. म्हणून १५ तारखेच्या आत मला उत्तर पाहिजे. होय लिहा नाहीतर नाही लिहा, एका शब्दाचं काम आहे. आणि आयुष्यभर मला जे उत्तर देत आलात ते 'बघू' एवढं लिहू नका. पंधरा तारीख. मी पोस्टमनची वाट बघतेय.